आत्याची बंगई समुद्रावर गेली

माझी आई थापा मारते, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. एखाद्याला पानाची सवय असते, एखाद्याला दुपारच्या झोपेची, तशी हिला समुद्राच्या थापा मारायची सवय आहे, असं धरून चालत आणि त्या मजेत ऐकत. मला त्याचा भयंकर राग यायचा. राग मला आजही लवकर येतो, पण दहा वर्षांची असताना तो नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामालाच होता.

आई कोकणातली. तिचे काका वर्ध्याला रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्याकडे राहायला म्हणून ती आली आणि इथलीच झाली. लग्न काकांच्याच दारात झालं, माझ्या वेळचं बाळंतपणही त्यांनीच केलं. त्यामुळे आईचं माहेर आमच्याकडच्या कुणी पाहिलेलं नव्हतं आणि समुद्र तर नव्हताच नव्हता. उन्हाळ्यात विहिरीचा तळ बघणारी माणसं आम्ही. आई त्यांना सांगायची, "लहानपणी आम्ही फळीवर पालथं पडून लाटेवरून किनाऱ्याला यायचो."

आत्या बंगईवर बसल्या बसल्या विचारायची, "पालथी पडून? अन् बुडत नव्हती काय वं?"

"नाही वन्सं, लाटच आणून सोडते."

"कोठी?"

"किनाऱ्यावर."

"बाप्पा! मंग उतरून घ्याले कोणी येत होतं का आपलंआपलंच उतरा लागे?"

यावर घर हसायचं. शेजारच्या बायका केवळ हे ऐकायला म्हणून गहू निवडायला आमच्या ओसरीवर येऊन बसत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माघारी आली होती, आणि येताना सासरहून एकच वस्तू घेऊन आली होती, ती ही बंगई. कोकणात झोपाळा म्हणतात तीच आमची बंगई. चार साखळ्या, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या आणि माणूस सहज निजेल एवढी सागवानाची फळी. नवऱ्याची आठवण म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं. घराचा सगळा कारभार ती त्या फळीवरून हाकायची. तिच्या परवानगीशिवाय तिथे बसायची आमची कुणाची टाप नव्हती.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. आमच्या मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला इतका मान होता की बांधाच्या भांडणातसुद्धा लोक त्यांना बोलावून न्यायचे. "मास्तर म्हणते म्हणजे झालं," असं म्हणून दोन्ही बाजू घरी जात. बाबा आईला कधी खोटारडी म्हणाले नाहीत. ते फक्त हसायचे. आत्याच्या बोलण्याचं आईला काही वाटत नसे, उलट तीही त्यात भर घालायची. बाबांचं ते हसणं मात्र तिला लागायचं. ती लगेच बोलणं सोडून चुलीकडे वळायची. मी तेव्हा लहान होते, पण एवढं मला कळत होतं. आपल्या आईचं खरं ठरावं, बाकी काही नको, असं मला वाटायचं. त्यासाठी मी वर्गातल्या एका मुलीची वेणीही ओढली होती.

उरले काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नालवाडीच्या रस्त्याला त्यांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. गाड्यांपेक्षा तिथे गप्पाच जास्त दुरुस्त होत. महायुद्ध संपून कितीतरी वर्षं झाली तरी लष्कराचं जुनं सामान लिलावात निघायचं, त्यातली एक मोडकी रुग्णवाहिका त्यांनी नागपूरहून दोराने ओढत आणली. तिच्यावर ते कितीतरी दिवस ठोकाठोक करत होते. आत दोन बाजूंना निजायला जागा, कंदिलाला आकडा, स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी, खिडक्यांना काकूच्या जुन्या लुगड्याचे पडदे. "हे पाय, घर हाये अन् चाकंही हायेत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वरून हिरवा रंग दिला तरी खालचा तांबडा क्रूस त्यातून डोकावायचा, म्हणून मोहल्ल्याने तिचं नाव ठेवलं दवाखाना. पहिली फेरी केळझरच्या गणपतीला झाली. देवळापर्यंत जाईतो दोन बायका आपापली तापाची पोरं घेऊन गाडीमागे धावत आल्या होत्या.

त्याच सुमारास आमचा विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. मोठी माणसं त्यावर मोठं मोठं बोलत होती. काकांनी त्यातून एकच अर्थ काढला. एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आता समुद्र आपल्याच राज्यात आला. आपल्या घरचा माल एकदा पाहून येऊ. शाळेले सुट्या लागल्या का निघू."

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं.

सगळी तयारी झाली आणि एका बाजूच्या निजायच्या जागेला फळीच पुरेना. काकांची नजर बंगईवर गेली. आत्याने आधी साफ नाही म्हटलं. मग दोन दिवस विचार केला. शेवटी स्वतःच्या हाताने साखळ्या सोडवल्या आणि काकांना दम भरला, "जशी नेली तशी आणजो. कोपरा जरी उडाला तरी तुले घरात घेणार नाई. अन् तुह्या भावालेही नाई." तिला यायचा आग्रह झाला, पण म्हशीकडे कोण बघणार, असं म्हणून ती मागे राहिली. काकू तिच्या सोबतीला राहिली. निघालो ते बाबा, काका, आई आणि मी.

प्रवासातली मजा सांगायला बसले तर समुद्र राहून जाईल. आमचा दवाखाना जिथे थांबे तिथे लोक जमत. अकोल्याच्या पुढे एका म्हाताऱ्याने काकांना जीभ दाखवल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. काकांनी ती नीट बघितली, चहा कमी प्या असं सांगितलं आणि म्हातारा समाधानाने गेला. बाबा त्यानंतर बराच वेळ काकांशी बोलले नाहीत.

मुक्काम मात्र रोज ठरलेला असायचा, नदीच्या पात्रात. आमच्याकडे उन्हाळ्यात पात्रासारखी जागा नाही. पाणी आटून एका कडेला गेलेलं असतं, बाकी सगळी स्वच्छ, गार वाळू. लोक बैलगाड्या खाली उतरवतात, टरबुजा-डांगराच्या वाड्या करून पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात. वाळूत हातभर खड्डा खणला की त्यात गोड पाणी झिरपतं, तो झिरा. बाबा आणि काका लहानपणापासून असेच पात्रात वाढलेले. संध्याकाळी गाडी वाळूत उभी करायची, काकांनी झिरा खणायचा, आईने भाकरी टाकायच्या. मी आणि आई आत फळ्यांवर निजायचो, मला आत्याची फळी मिळाली होती. दोघं भाऊ बाहेर वाळूवर सतरंजी टाकून निजत.

घाट उतरून आईच्या गावाला पोचलो. रस्ता संपला तिथे सुरूची झाडं होती, आणि झाडांच्या पलीकडे तो. मी "अरे बाप रे" एवढंच म्हणाले. काकांनी गाडी थांबवून आपण होऊन डोक्यावरची टोपी काढली. बाबा डोळ्यांवर हाताची सावली धरून म्हणाले, "पलीकडचा काठ दिसून नाई राह्यला."

ओहोटीची वेळ होती. समुद्र लांब मागे गेलेला, आणि अलीकडे ही एवढी विस्तीर्ण, सपाट, घट्ट ओली वाळू. आईच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या घराची पायवाट अरुंद, गाडी वर जाण्यासारखी नव्हती. काकांचे डोळे चमकले. आयुष्यात इतकं सुंदर पात्र त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी गाडी सरळ खाली वाळूत घातली.

"इथे नको भावोजी," आई म्हणाली. "वर झाडांखाली लावा. दुपारी इथे पाणी येईल."

"कोठून येईन?"

आईने समुद्राकडे बोट केलं.

"वहिनी, थो किती दूर हाये!"

"तो चालत येतो. कमरेइतकं पाणी होतं इथे."

काका खो खो हसले. "झाल्या सुरू! निदान इथं आल्यावर तरी."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांना भरती-ओहोटी पुस्तकातून ठाऊक होती, पण पुस्तकात ती वीतभर चित्रात असते. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अवं, थोडंबहुत मागंपुढं होत असन पाणी. पण इतकं? अन् पावसाळा कोठी हाये अजून?" आणि ते हसले. तेच हसणं.

आई वाद घालत बसली नाही. "बरं," म्हणाली आणि पायवाटेला लागली. मी गाडीत चढले, माझी आणि आईची पिशवी तेवढी उचलली आणि तिच्या मागे धावले. बाबांची नि काकांची पिशवी तिथेच राहू दिली. ज्याचा त्याचा विश्वास.

जाताना मागे वळून बघितलं तर काका गाडीच्या सावलीत झिरा खणत होते. पाणी लागलंही लगेच. त्यांनी लोटा भरला, तोंडाला लावला आणि पुढच्या क्षणी जे काही केलं ते पाहून जाळी विणत बसलेले कोळी वाळूवर आडवे पडून हसायला लागले. "मीठ कोणं घातलं याच्यात?" असं ओरडत काका खड्ड्याकडे संशयाने बघत होते.

मामाकडे आईला बघून रडारड, हसाहस, सगळं झालं. मग भात आणि माशाचं कालवण. काका तिसऱ्यांदा भात घेत असताना मामाने विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"

"खाली, पात्रात," काका म्हणाले.

मामाचा घास हातातच राहिला. "पात्रात? कुठल्या पात्रात?"

पुढे कुणी जेवलं नाही. आम्ही उष्ट्या हातांनी पायवाट उतरलो, तर खाली वाळू म्हणून काही उरलंच नव्हतं. समुद्र झाडांपर्यंत आला होता आणि त्यात आमचा दवाखाना मधोमध उभा होता, मागचं दार उघडं, पाणी थेट आत-बाहेर करतंय. लाट आली की तो हलायचा, जसा काही आता निघेलच. बाबा पुटपुटले, "कमरेइतकं." ते त्या क्षणीसुद्धा हिशेब ताडून बघत होते.

मामाने हाक दिली. गावातली माणसं धावली, जाळं ओढायचे जाड दोर आले, आणि मासळीने भरलेलं जाळं ओढावं तशी सगळ्यांनी मिळून एका सुरात गाडी ओढली. इंच इंच करत ती सुरूच्या झाडांपर्यंत आली. काकांनी तिला मिठीच मारली. आणि मग मी ओरडले, "आत्याची फळी!"

फळी गाडीत नव्हती. कुठल्या लाटेने ती उघड्या दारातून उचलून नेली होती कोण जाणे. बाजूच्या खडकांकडची ओढ तिला आत नेत होती. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे ती डुलत होती आणि उन्हात तिच्या पितळी कड्या चमकत होत्या. गाडी बुडाली असती तर काकांनी दुसरी आणली असती, पण आत्याला तोंड कसं दाखवणार होते? बाबांचाही चेहरा उतरला होता. आत्याजवळ नवऱ्याचं म्हणून तेवढंच होतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं?

"होडी काढतो," मामा म्हणाला, "पण तोवर खडकावर आपटली तर..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईने काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला आणि ती पाण्यात शिरली.

"अवं! वापस ये!" बाबा ओरडले. आई ऐकायच्या पलीकडे गेली होती. पहिली लाट आली आणि आई तिच्याखालून गेली. दुसरीच्याही खालून गेली. आमच्या वर्ध्याच्या घरी हंडे वाहणारी, गोवऱ्या थापणारी माझी आई, आणि इथे तिला पाण्यात बघून असं वाटत होतं की ही इतके दिवस चुकून जमिनीवर चालत होती. तिने फळी गाठली, फिरवली आणि पुढच्या दोन कड्या धरून तिच्यावर पालथी पडली. मग नुसती थांबली. एक मोठी लाट आली, ती जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली.

"थकली थे! बुडते आता!" बाबा गुडघाभर पाण्यात गेले होते. त्यांना पोहता येत नव्हतं.

"नाही बाबा," मी त्यांचा हात धरून म्हणाले. "ती लाट निवडते आहे. निवडावी लागते, घाई केली तर लाट आपल्याला सोडून जाते." हे मी शेकडो वेळा ऐकलेलं होतं. आमच्याकडे त्याला थाप म्हणत.

तिसरी लाट उंच होती. आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं, दोनदा हात मारले, आणि लाटेने तिला उचललं. फळी, आई आणि फेस, सगळं एकदम सरळ आमच्याकडे धावत सुटलं. वाऱ्याने तिचा अंबाडा सुटून केस मागे उडत होते. काठावरची पोरं ओरडायला लागली. मी तर नाचत होते. वाटेत न अडखळता ती लाट तिला थेट बाबांच्या पायांपर्यंत घेऊन आली आणि तिथे अलगद सोडून मागे गेली.

आई उठून बसली आणि हसायला लागली. असं हसणं वर्ध्याच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. श्वास पुरत नव्हता तरी हसत होती. मग फळीचे चारही कोपरे चाचपून म्हणाली, "वन्संना सांगा, थोडी भिजली आहे. बाकी धड आहे."

बाबा तिच्यासमोर ओल्या धोतराने उभे होते. त्यांना बोलायचं बरंच होतं, पण गणिताच्या मास्तरांना पहिली पायरी सापडेना.

संध्याकाळी त्यांनी मामाला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे हे सगळं खरंच होतं तर?"

"कसलं?"

"फळीवरून येणं."

मामाला प्रश्नच कळला नाही. "त्यात खोटं काय असायचं? इथली सगळी पोरं येतात. हिच्याइतकी लांबवरून मात्र कुणी येत नसे. तुम्हाला सांगितलं नाही तिने कधी?"

"सांगितलं," बाबा म्हणाले.

मग आठवडाभर आम्ही तिथे मजा केली. सकाळी आई मला त्याच फळीवर घेऊन जायची. मी नाकातोंडात पाणी घेतलं, रडले, रागावले, आणि एकदा, फक्त एकदाच, लाटेने मला उचलून नीट काठावर आणून सोडलं. ते आजही आठवलं की पोटात गुदगुल्या होतात. काका फळीवर बसायचे आणि लगेच पाण्याखाली दिसेनासे व्हायचे. बाबांनी हात लावला नाही. ते काठावर बसून आई कोणती लाट घेणार, याचा अंदाज बांधत. बहुतेक वेळा चुकत, आणि चुकले की खूश होत.

परत आलो तेव्हा आत्या ओसरीत वाटच बघत होती. आमच्याआधी तिने फळी उतरवून घेतली. चारही कोपरे बघितले, कड्या हलवून बघितल्या, त्यांतून चिमूटभर वाळू पडली. फळीवर पांढुरका थर आला होता, त्यावरून तिने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"काऊन रे, माही फळी खारट काऊन लागून राह्यली?"

बाबांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. गहू निवडणाऱ्या बाया होत्याच, आणखी दोघं-तिघं जमले. बाबांनी गणित मांडावं तशी हकिकत मांडली. आधी वाळू, मग पाणी, मग गाडी, मग फळी, मग आई. कुठेही फुगवून सांगितलं नाही. लोक शांतपणे ऐकत होते. शेवट झाला आणि आत्याने गालावर हात ठेवला.

"बाप्पा! तू बी?"

ओसरीवर असा हशा उसळला की म्हैस दचकून उठली. "मास्तर, तुमाले बी समुद्राची हवा लागली!" एक बाई डोळे पुसत म्हणाली. बाबा उठून उभे राहिले. "अरे, माह्या डोळ्यानं पाह्यलं मी!" ते जितकं जोरात सांगत तितके लोक जास्त हसत. मी मधे ओरडत होते, पण पोरीचं कोण ऐकतो? शेवटी काकांची साक्ष काढली. काकांनी सगळं खरं सांगितलं आणि वर जाता जाता एक मासाही सांगितला, गाडीएवढा. मग तर संपलंच.

"तू सांग ना या लोकायले!" बाबा आईकडे वळून म्हणाले.

"मी काय सांगणार?" आई म्हणाली आणि आत गेली.

लोक पांगले. आत्याने बंगई टांगून घेतली आणि झोके घेत बसली. मधूनच तिला हसू फुटायचं. बाबा जेवायला बसले, पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द कुणी उडवून लावला होता, आणि तोही अगदी खरा असलेला. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "एकालेही पटून नाई राह्यलं," ते ताटाकडे बघत म्हणाले. "एकालेही नाई."

आई भाकरी वाढायला आली. भाकरी ताटात ठेवून ती क्षणभर तशीच वाकून राहिली.

"माझा आहे ना तुमच्यावर विश्वास," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली. ते हसले नाहीत. म्हणाले, "हे इतक्या वर्षांत मी तुले एकदाही म्हटलं नाई."

"नाही म्हटलंत," आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं.